अस्सल वाडा, चौथा मजला, लिफ्ट आहे

थीमकरांच्या घरी जाऊन ‘घर छान लावलंय हो’ एवढंच म्हटलं तर ते दुखावतात. घर काय, कुणीही लावतं. त्यांनी थीम केलेली असते. ‘थीम लक्षात आली का?’ असं ते विचारतात आणि आपण उत्तर शोधत भिंतींकडे बघत राहतो. उत्तर चुकलं तर चहा उशिरा येतो.

थीमकर हे त्यांचं जन्माचं आडनाव नव्हे. ते पाटील असतील, पटवर्धन असतील, डिसोझाही असतील. ही मंडळी कोथरूडला सापडतात, ठाण्याला घोडबंदर रोडला सापडतात, नाशिकच्या गंगापूर रोडला तर सापडतातच. पगार मध्यम, हौस मोठी, हॉल दहा बाय सोळा. दिवसभर बँकेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणं काटेकोरपणे तपासणारा हा गृहस्थ घरी आला की त्याचा हात सैल सुटतो. मोकळा कोपरा दिसला की तो थबकतो, दोन पावलं मागे जातो, मान तिरकी करतो, एक डोळा मिटतो. वहिनींना ही मुद्रा ओळखीची आहे. ती दिसली की त्या कपाटाची किल्ली पदराला बांधतात.

बोलण्यावरूनही थीमकर ओळखता येतात. ते वस्तू घेत नाहीत, ‘पीस’ घेतात. भिंतीला रंग देत नाहीत, ‘ट्रीटमेंट’ देतात. दिवा त्यांच्याकडे उजेडासाठी नसतो, ‘मूड’साठी असतो. वर्तमानपत्र वाचायला ते स्वतः जिन्यात जाऊन बसतात.

सुरुवात मुलाच्या खोलीपासून झाली. मुलगा तिसरीत होता आणि त्याला मासे आवडतात असं एकदा बोलून गेला. तेवढं पुरलं. खोली निळी झाली. छताला सुकाणू लागलं, पलंगाची होडी झाली, कपाटावर ऑक्टोपस आला आणि हर्णै बंदरावरून आणलेलं खरंखुरं जाळं खिडकीवर टांगलं गेलं. जाळं इतकं खरं होतं की सोसायटीतली सगळी मांजरं पावसाळाभर त्या खिडकीखाली बसून होती. मुलाला मासे पानात आवडतात असं म्हणायचं होतं, हे पुढे कळलं. आज तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री ऑक्टोपसच्या आठ हातांखाली थर्मोडायनॅमिक्स वाचतो.

मग वारली आलं. विषयाचा अभ्यास केल्याशिवाय थीमकर ब्रश उचलत नाहीत. वारल्यांच्या घरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात, मुख्य मान लग्नाच्या चौकाचा, चौकात पालघट देवी आणि तो चौक काढायचा अधिकार सुवासिनींचा, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात सांगितलं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे लिफ्टचं दार हाताने धरून ठेवून सांगितलं. म्हणजे ज्या कलेत एका मंगल प्रसंगाला एका भिंतीवर एक चौक निघतो, ती त्यांना पूर्ण समजली होती. त्यानंतर त्यांनी हॉलच्या चारही भिंती, फ्रीज, कुकरचं झाकण आणि संडासाचं दार रंगवलं. तारपावाल्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर त्यांनी नेमका स्विचबोर्डाभोवती धरला होता. पंखा लावायचा म्हटलं की पाहुण्याला त्या नाचात शिरावं लागे आणि घाईत पंख्याऐवजी गीझर सुरू होई.

या दोन्ही थीम म्हणजे नुसती तालीम होती. खरा प्रयोग पुढे होता.

एका रविवारी थीमकर हेरिटेज वॉकला गेले. विश्रामबागवाड्यासमोर उभं राहिल्यावर चारचौघांच्या मनात दुसरा बाजीराव येतो, पेशवाईची अखेर येते, फार तर पायाला आलेले फोड येतात. थीमकरांनी तो कोरीव लाकडी सज्जा आणि ते सुरूदार खांब बघितले आणि एक डोळा मिटला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “आपण वाडा करतोय.” वहिनींना क्षणभर वाटलं, पेठेत जागा घेतली की काय. तसं केलं असतं तरी ते स्वस्त पडलं असतं.

वाड्याची वही झाली. वहीत शनिवारवाड्याचं पान पहिलं. त्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळून गेलं, याचं दुःख थीमकरांना इतिहासप्रेमी म्हणून होतंच, पण त्याहून जास्त ‘नाहीतर केवढे रेफरन्स मिळाले असते’ म्हणून होतं.

पहिली अडचण कोनाड्याची आली. जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दोन हात जाडीच्या, म्हणून तर त्यांच्या पोटात कोनाडा बसायचा. दिव्याला आडोसा मिळायचा आणि भिंतीचं काही बिघडायचं नाही. आमच्या बिल्डिंगच्या आतल्या भिंती चार इंची. त्यात कोनाडा खोदला तर तो शेजारच्या बेडरूममध्ये उघडला असता, आणि ती बेडरूम आमची आहे. थीमकर मागे हटले नाहीत. त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचा कोनाडा करून भिंतीवर बाहेरून बसवला. मराठी वास्तुकलेच्या इतिहासात भिंतीतून पुढे आलेला हा पहिला कोनाडा असावा. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना तो खांद्याला लागतो, एवढी एक गोष्ट सोडली तर त्याचा काही त्रास नव्हता.

मग खांब आले. पेठेतले वाडे पाडले की त्यांचं सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात येतं, हे वहीत होतं. वाडे का पडतात, तेही होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिना पाच-दहा रुपये भाड्यात मालकाला कौलं बदलणं परवडेना, तेवढ्याच भाड्यात दुसरीकडे खोली मिळेना म्हणून भाडेकरू हलेना, आणि दोघांच्या मध्ये वाडा हळूहळू झुकत गेला. नदीकाठच्या पेठांमधले कित्येक तर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्याच दिवशी गेले. उरलेल्यांच्या जागी आता अपार्टमेंट उभी राहतात, आणि त्या वाड्यांचे खांब दुसऱ्या अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर थीमकरांकडे येतात.

दोन खांब. सोफा आणि टीव्ही यांच्या बरोबर मध्ये. वाड्यात खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर वरचा मजला, असा सगळा हिशेब असतो. इथला स्लॅब स्वतःच्या पायावर उभा असल्यामुळे खांबांना काही काम नव्हतं. उंचीही चार बोटं कमी पडली. तेव्हा मिस्त्रीने वरून ब्रॅकेट मारून ते छताला टांगले. खांबाने छत धरायचं, ही जगाची रीत. इथे छताने खांब धरले होते. त्या दिवसापासून सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्याला फलंदाज दिसतो, गोलंदाज दिसत नाही.

अर्थात त्यासाठी आधी टीव्ही दिसायला हवा. वाड्यात टीव्ही कसा असेल? म्हणून त्याच्यापुढे दिंडी दरवाजा आला, खिळे ठोकलेला, कडी-कोयंड्याचा, आतून अडसर घातलेला. शेवटच्या षटकात कुणी ‘लाव रे पटकन’ म्हटलं की थीमकर अडसर काढतात, कोयंडा सोडतात, दोन्ही फळ्या आदराने उघडतात, तोवर खाली रस्त्यावर फटाके वाजून गेलेले असतात. एसीवर लाकडी जाळी आली. एसीची थंड हवा जाळीला आपटून त्याच्याच नाकात परत जाऊ लागली. खोली थंड झाली अशी एसीची समजूत होई आणि तो बंद पडे. खाली पाहुणे पंचा शोधत असत. वायफायचा राऊटर तांब्याच्या हंड्यात ठेवला. तांब्यातून सिग्नल बाहेर येत नाही, हे मुलाने भौतिकशास्त्राच्या आधारे सिद्ध करून दाखवलं. वडील म्हणाले, “पेशवाईत वायफाय नव्हतं.”

जुना बाजार पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो. थीमकरांची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते आणि बुधवारी त्यांची प्रकृती बिघडते. त्या बाजारातले विक्रेते गिऱ्हाईक चालण्यावरून ओळखतात.

“पेशवेकालीन आहे का?” थीमकर विचारतात.

“पेशव्यांच्या आधीची आहे साहेब,” विक्रेता गॅसबत्ती पुसत सांगतो.

पितळेला काळपटपणा आणणारी रसायनं मिळतात, मुरादाबादहून नवं पितळ येतं, जोधपूरहून नवं लाकूड मुद्दाम ओरखडे काढून येतं, हे सगळं थीमकरांना माहीत असतं. पण ते दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तूंबद्दल. कसब्यातल्या तांबट आळीत मात्र त्यांना एकदा सरळ उत्तर मिळालं. त्यांनी मठारकाम केलेला नवा कोरा बंब घेतला आणि ‘थोडा जुना करून द्याल का?’ असं विचारलं. कारागिराने हातोडी खाली न ठेवता सांगितलं, “वापरा. आपोआप होईल.” थीमकरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि बंबात मनी प्लँट लावला.

अशा रीतीने हॉल भरत गेला. मधोमध घंगाळ, त्यात पाणी, पाण्यात तरंगणारे मेणाचे दिवे. शेजारी जातं, जात्यावर काच, काचेवर रिमोट. भिंतीवर सूप, रोवळी, परात, आणि परातीत घड्याळाचे काटे. ढाल, दोन तलवारी, तेवढ्यात एक पितळी तोफ. मग नांगर. पेठेतल्या वाड्यात नांगर कुठून आला, असं मी विचारलं तर “सरदारांना जहागिरी असायच्या” असं उत्तर मिळालं. ग्रामोफोन आला, ज्याच्या कर्ण्यातून ब्लूटूथवर बातम्या लागतात. खुंट्यांवर पगड्या आल्या, आणि ‘खुंटीला काही अडकवू नये’ अशी मोडीत पाटी आली. मोडी कुणालाच वाचता येत नसल्याने प्रत्येक जण तिथे हेल्मेट अडकवी आणि थीमकर ते प्रत्येक वेळी काढून बुटांच्या कपाटावर ठेवत.

आणि खण! चोळीचं ते सुरेख कापड मुळात किती थोडं लागतं. काठ तेवढे उठून दिसावेत, पोत तेवढा चमकावा, म्हणून ते शोभतं. थीमकरांनी त्याच्या उशा केल्या, पडदे केले, टेबलावरची पट्टी केली, टिशू पेपरच्या डब्याला घातलं, गॅस सिलिंडरला परकर शिवला. वहिनी एकदा खणाचा ब्लाऊज घालून सोफ्यावर बसल्या तेव्हा पाहुण्यांना त्या आधी दिसल्याच नाहीत.

इतकं झाल्यावरही थीमकर समाधानाने बसत नाहीत. किंबहुना ते बसतच नाहीत, कारण बसायला जागा राहिलेली नसते. ते दाराशी उभे राहतात, नजर फिरवतात आणि म्हणतात, “इथे अजून एक काहीतरी हवंय.” त्यांच्या जीवनाचं सूत्र या ‘अजून एक’मध्ये आहे. जी खोली काल नव्वद टक्के जमली होती, तिला शंभर टक्के करायला ते आज एक पीस आणतात आणि ती ऐंशीवर येते. मग उरलेल्या वीस टक्क्यांसाठी रविवारी पुन्हा बाजार.

वहिनींचा स्वभाव शांत. पण पितळ घासायला लागणारी चिंच महिन्याच्या वाणसामानात डाळीच्या वरच्या ओळीत आली तेव्हा त्या बोलल्या. “अहो, राजा केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांतल्या अडीच हजार मांडल्यात. तुम्ही दोनशे आणल्यात आणि अडीचशे मांडल्यात.” कामाच्या मावशींनी तर नवा दरच लावला. भांड्यांचे इतके, केरफरशीचे इतके, वाड्याचे वेगळे.

एक गोष्ट थीमकरांच्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. आमच्या बिल्डिंगमधले बाकीचे हॉल पाहा. तोच इंग्रजी ‘एल’ आकाराचा सोफा, तीच राखाडी भिंत, तोच डोळे मिटलेला बुद्ध, तेच ‘होम’ असं इंग्रजीत लिहिलेलं लाकडी अक्षरकाम. हे घर आहे असं घराला लिहून सांगावं लागतं. बिल्डरने सॅम्पल फ्लॅट दाखवला, आम्ही सगळे त्यातच राहायला आलो. थीमकरांच्या घराला निदान काहीतरी म्हणायचं असतं. आपण कुठून आलो, आजोबा कसल्या घरात राहिले, याची त्यांना ओढ आहे आणि ती खोटी नाही. फक्त म्हणणं एका वाक्यात संपतं तिथे ते पूर्णविराम देत नाहीत.

पूर्णविराम नाशिकहून आला. थीमकरांच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, थोरल्याकडून धाकट्याकडे राहायला आल्या. आजींचं माहेर शनिवार पेठेत, चक्क वाड्यात. थीमकरांनी महिनाभर आधीपासून हे सगळ्यांना सांगितलं होतं. खरी तज्ज्ञ येणार, पसंतीची मोहोर उमटणार.

आजी आत आल्या, पदर सावरून सगळीकडे बघितलं आणि विचारलं, “अरे, घर बदलताय का?”

“नाही आई. वाडा आहे हा.”

“मग हे घंगाळ न्हाणीघरातून बाहेर कसं आलं? इथे आंघोळ कोण करतं?”

“तो सेंटरपीस आहे.”

“आणि बंब? पेटवत नाही का? अगं बाई, यात झाड उगवलंय!”

थीमकरांनी त्यांना पितळेच्या पेल्यातून ताक दिलं. आजींनी पेला आतून बघितला आणि तसाच खाली ठेवला. “कल्हई कुठाय याला? ताक कळकेल ना.” मग चहा आला, तोही पितळेच्याच पेल्यातून. पेल्याचा काठ ओठाला लागल्याबरोबर आजींनी तो बशीत ओतला आणि बशी चिनी मातीची आहे याबद्दल सुनेचे आभार मानले.

त्या संध्याकाळी आजींनी वाडा सांगितला. थीमकर वही घेऊन बसले होते. दोन खोल्यांत आठ माणसं. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणांच्या वळकट्या करून एका कोपऱ्यात. जेवणं झाली की पाट भिंतीला उभे. कपडे खुंटीवर, दिवा कोनाड्यात, देव देवळीत, पाणी मागच्या बाजूला. मधली जमीन मोकळी, कारण त्याच जमिनीवर सकाळी अभ्यास, दुपारी पंगत, संध्याकाळी सागरगोटे आणि रात्री झोप. “वस्तू ठेवायला जागा कुठे होती? माणसंच मावत नव्हती,” आजी म्हणाल्या. मालकांचा दिवाणखाना मोठा होता, पण त्यातही काय, तर भिंतीकडेने बैठक, लोड-तक्के, एक झुंबर, आणि मध्ये माणसं बसतील म्हणून रिकामं. “आणि तुझ्या वाड्यात मागचा सामाईक संडास नाही का रे? सकाळी रांग असायची. ती पण लाव की थीममध्ये.”

पानशेतच्या पुरात त्यांचा वाडा गेला. त्याबद्दल त्या थोडंच बोलल्या. वरच्या आळीला नातेवाइकांकडे पळालो, परत आलो तर पाटा आणि देवांचा डबा एवढंच चिखलात सापडलं, आणि मग त्या दोन वस्तूंवर आईने पुन्हा घर मांडलं. थीमकरांची पेन्सिल इथे थांबली. दोन वस्तूंवर घर मांडता येतं, हे वहीच्या कुठल्याच पानात बसत नव्हतं.

आजींनी दुसऱ्या दिवसापासून काहीही बदललं नाही. त्यांनी फक्त घर वापरायला सुरुवात केली. गुडघे दुखतात म्हणून त्यांना कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं होतं, तेव्हा मेणाचे दिवे बाजूला झाले आणि घंगाळ बाथरूममध्ये गेलं. मेतकूट विकतचं आवडत नाही म्हणून जात्यावरची काच निघाली आणि जातं स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेलं. सकाळी सहाला घरघर सुरू झाल्यावर खालच्या मजल्यावरून तक्रार आली. दुपारी मेतकुटाची वाटी खाली गेली आणि तक्रार मागे घेतली गेली. तांदूळ पाखडायला सूप भिंतीवरून उतरलं. खुंट्यांवरच्या पगड्या पेटीत गेल्या आणि तिथे आजींची पिशवी, छत्री आणि नातवाचं हेल्मेट आलं. मोडी पाटी कुणाला वाचता येत नव्हतीच. हॉलमध्ये झोपाळाही होता, त्यावर ढाल मांडलेली होती. आजींनी ती उचलून खाली ठेवली, स्वतः बसल्या आणि कुरकुरणाऱ्या कड्यांना खोबरेल तेल घातलं.

ज्या वस्तू वापरता येईनात, त्यांच्यासमोर त्या उभ्या राहत आणि फक्त “हे कशाला?” असं विचारत. या प्रश्नात राग नव्हता, खरीच जिज्ञासा होती, आणि थीमकरांकडे उत्तर नव्हतं. नांगर: हे कशाला? गेला. तोफ: हे कशाला? गेली. गुळगुळीत वार्निश मारलेली बैलगाडीची चाकं गेली, ग्रामोफोन गेला, परातीतलं घड्याळ गेलं, कारण आजींना वेळ कळेना. भिंतीबाहेरच्या कोनाड्याचा आजींच्या खांद्याला दुसऱ्यांदा मार बसला त्या दिवशी मिस्त्रीला फोन झाला. कोनाडा काढल्यावर भिंतीवर डाग राहिला म्हणून ती भिंत पांढरी केली, आणि ती इतकी बरी दिसली की उरलेल्या तिन्ही केल्या. खण फक्त दोन उशांवर राहिला आणि महिन्याभरात पहिल्यांदाच लोकांना त्याचे काठ दिसले.

खांबांचं काय करायचं, यावर घरात बैठक झाली. टीव्हीच्या आड येणारा गेला. दुसरा मिस्त्रीने काढायला घेतला तर आजी म्हणाल्या, “राहू दे. झोपाळ्यावरून उठताना धरायला बरा पडतो.” मग त्याच्याखाली दगडी तळखडा बसवला, वरचं ब्रॅकेट काढलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो खांब कुणाचा तरी भार घेऊ लागला.

हॉलमध्ये आता एवढंच आहे: पांढऱ्या भिंती, एक खांब, एक झोपाळा, भिंतीलगत बसकी बैठक, कोपऱ्यात एक समई, आणि मध्ये बरीचशी जमीन. मुलगा तिथे पालथा पडून अभ्यास करतो. जाळी निघाल्यामुळे एसीला खोलीचं खरं तापमान कळतं. राऊटर उघड्यावर आहे, आणि आजींचं म्हणणं, असू दे की, त्यात लपवायचं काय?

थीम करावी की करू नये, असा वाद घालणाऱ्यांनी ही खोली बघून जावी. थीम आहेच. पण ती लाकडात आहे, चुन्याच्या पांढऱ्या रंगात आहे, जमिनीलगत बसण्याच्या उंचीत आहे; वस्तूंच्या यादीत नाही. एक मोठी वस्तू खोलीला विषय देते, दुसरी तिला दुजोरा देते, तिसरीपासून वाद सुरू होतो. ज्या वस्तूला घरात रोज हात लागतो, ती मांडलेली वाटत नाही, असलेली वाटते. आणि एक भिंत तरी अशी ठेवावी की जिच्याबद्दल पाहुण्याला काही सांगायचं नाही.

परवा थीमकरांच्या ऑफिसातलं एक जोडपं आलं होतं. ती बाई झोपाळ्यावर बसली, एक झोका घेतला आणि म्हणाली, “किती शांत वाटतं हो तुमच्याकडे. माझ्या आजोळी आल्यासारखं.” मी थीमकरांकडे बघितलं. एवढा मोठा विजय, पण चेहऱ्यावर समाधानापेक्षा हळहळ जास्त. हिने न सांगता ओळखलं! मग वहीचं काय करायचं? शनिवारवाडा, भाडेनियंत्रण कायदा, तांबट आळी, सगळी माहिती तोंडात तशीच राहिली. मार्गदर्शकाशिवाय समजणारी थीम हा थीमकरांना आपला व्यक्तिगत पराभव वाटतो.

पण थीमकर मोडणारे नव्हेत. हॉलमधून निघालेलं सगळं सामान त्यांनी टाकलं नव्हतं, विकलं नव्हतं. वहिनींचं शिवणयंत्र जिथे ठेवलं होतं त्या लहान खोलीत ते गेलं. नांगरावर तोफ, तोफेवर ग्रामोफोन, ग्रामोफोनच्या कर्ण्यात पगडी. मागे भिंतीला टेकून काढलेला खांब, वर उलटी परात, दाराशी मनी प्लँटसकट बंब. दार पुरतं उघडत नाही. अंग तिरकं करून शिरावं लागतं. खिडकी खणाच्या पडद्यांच्या गठ्ठ्यामागे गेल्यामुळे आत दिवसाही अंधार, आणि जुनं लाकूड, चिंच आणि धूळ यांचा एकत्र वास.

गेल्या आठवड्यात आजींना काहीतरी शिवायचं होतं. शिवणयंत्र शोधायला त्यांनी त्या खोलीचं दार ढकललं, आत डोकावल्या आणि तिथेच थांबल्या. थीमकर धावत आले, मी मागोमाग गेलो. आजींचा चेहरा उजळला होता.

“अरे,” त्या म्हणाल्या, “ही तर अगदी आमच्या वाड्यातली अडगळीची खोली! तोच अंधार, तोच वास, पाय ठेवायला जागा नाही. हे मात्र तू हुबेहूब केलंस हो.”

थीमकरांची छाती फुगली. त्यांनी दाराबाहेर दोन पावलं मागे घेतली, मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

“इथे अजून एक काहीतरी हवंय,” ते म्हणाले.

“उंदीर,” आजी म्हणाल्या.

थीमकरांनी ते लिहून घेतलं.